लघवीला जळजळ, जखम, स्राव: लैंगिक आजाराची शंका आल्यावर काय करायचं

लघवीला आग होते, पू येतो म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणली, दोन दिवसांत बरं वाटलं आणि उरलेल्या गोळ्या कपाटात गेल्या. लैंगिक आजार वस्तीत टिकून राहतो तो असाच. परम्याचे (गोनोरियाचे) जंतू सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला आता सहसा दाद देत नाहीत. अर्धवट औषधाने ते आणखी चिवट होतात, आणि लक्षणं दबली तरी संसर्ग पुढच्याला जातच राहतो. म्हणून तपासणीआधी गोळी घेऊ नका, जखमेवर मलमही लावू नका. स्टिरॉइडच्या मलमाने जखमेचं रूप बदलतं आणि डॉक्टरांची दिशाभूल होते.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा. तपासणी, समुपदेशन आणि औषध तिथे मोफत असतं. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात होते. असं केंद्र अनेक ग्रामीण रुग्णालयांतही असतं. जवळचं केंद्र सापडत नसेल तर १०९७ हा टोल-फ्री क्रमांक लावा. एचआयव्हीची चाचणी तुमच्या संमतीनेच होते आणि निकाल गुप्त ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे. तसा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

डॉक्टरांना पाच गोष्टी न लाजता सांगा: शेवटचा संबंध कधी आला, तो तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटेही होता का, आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, गरोदर असण्याची शक्यता आहे का. दुसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात. मग घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग तपासलाच जात नाही आणि तसाच राहतो. लघवीचा नमुना द्यायचा असेल तर त्याआधी किमान १ तास, जमल्यास २ तास लघवीला जाऊ नका. परमा आणि क्लॅमिडिया (परम्यासारखाच एक लैंगिक संसर्ग) यांच्या चाचणीसाठी सुरुवातीच्या धारेतली साधारण २० ते ३० मिली लघवी लागते. लघवीच्या साध्या संसर्गासाठी मधली धार घेतात, त्या सवयीने इथे नमुना दिला तर निकाल चुकू शकतो.

सरकारी केंद्रात औषधं रंगीत पाकिटांतून देण्याची पद्धत आहे. स्रावासाठी करडं, योनिमार्गाच्या संसर्गासाठी हिरवं, जखमेसाठी पांढरं, पेनिसिलिन चालत नसेल तर निळं, हर्पिसच्या फोडांसाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळं, जांघेतल्या गाठीसाठी काळं. रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण परत येईलच याची खात्री नसते, म्हणून लक्षणं पाहून त्याच दिवशी उपचार करतात. या पद्धतीत एक उणीव आहे: लक्षणंच नसलेला माणूस तिच्यात सापडत नाही. परमा किंवा क्लॅमिडिया झालेल्या अनेक बायकांना काहीच जाणवत नाही. संसर्ग आतून गर्भनलिकांपर्यंत चढतो, आणि काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून दोष तिच्याच माथी येतो. नवऱ्याला करडं पाकीट मिळालं असेल तर बायकोला त्रास नसला तरी तिची तपासणी आणि उपचार झालेच पाहिजेत.

उलट, अंगावरून पांढरं जाणं म्हणजे दरवेळी लैंगिक आजार नव्हे. बुरशीच्या संसर्गातही दह्यासारखा स्राव आणि खाज असते, आणि तो संबंधांशिवायही होतो. रिपोर्टआधी कुणावर संशय घेऊ नका.

सगळ्यात जास्त फसवते ती गरमी, म्हणजे सिफिलिस. संसर्गानंतर ९ ते ९० दिवसांत एक जखम उठते. ती दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते. माणसाला वाटतं, बरं झालं. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग येतात, तेही जातात, आणि आजार वर्षानुवर्षं शरीरात दडून राहतो. जखम नवी असताना रक्ताची व्हीडीआरएल चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. गरोदरपणात किंवा मलेरियासारख्या तापात ती खोटी पॉझिटिव्हही येते, म्हणून टीपीएचए या सिफिलिसच्या दुसऱ्या रक्तचाचणीने खात्री करतात. टीपीएचए मात्र बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. तिच्यावरून पुन्हा पुन्हा उपचार घेऊ नका.

सुरुवातीच्या सिफिलिसवर बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटांचा एक डोस पुरतो. तो सहसा दोन्ही कुल्ल्यांत निम्मा-निम्मा देतात. इंजेक्शन चांगलंच दुखतं. ॲलर्जी झाली तर सांभाळता यावी म्हणून नंतर अर्धा तास तिथेच थांबा. आजार जुना असेल तर दर आठवड्याला एक असे तीन डोस लागतात. मधलाच चुकवला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते. पहिल्या २४ तासांत थंडी-ताप आला तर बहुतेक वेळा ती मरणाऱ्या जंतूंची प्रतिक्रिया असते. पॅरासिटामॉल पुरतं. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र ताबडतोब रुग्णालयात परत जा. गुण आला का हे व्हीडीआरएलच्या आकड्यावरून ठरतं: तो किमान चौपट उतरायला हवा, उदाहरणार्थ १:३२ वरून १:८ किंवा त्याखाली. फेरतपासणी त्याच प्रयोगशाळेत, त्याच चाचणीने करा, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

आता जोडीदार. खरी अडचण इथेच असते. गेल्या ३ महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना कळवा. दोघांचे उपचार पूर्ण होऊन ७ दिवस जाईपर्यंत आणि जखम असेल तर ती भरेपर्यंत संबंध नकोत. एकानेच औषध घेतलं तर आजार परत येऊ शकतो आणि ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून डॉक्टर बदलले जातात. बोलताना ‘कुणी आणला?’ या प्रश्नात शिरू नका. क्लॅमिडिया कित्येक महिने आणि सिफिलिस कित्येक वर्षं गप्प बसू शकतो, त्यामुळे तारखांवरून ते सहसा सिद्धच होत नाही. ‘माझ्या तपासणीत संसर्ग निघालाय, डॉक्टरांनी तुम्हालाही बोलावलंय, औषध सोपं आहे’ एवढं पुरतं. घरात मारहाणीची भीती असेल तर एकटीने सांगू नका. आधी समुपदेशकाशी बोला, ते मार्ग काढून देतात.

असुरक्षित संबंध नुकताच आला असेल तर घड्याळाकडे बघा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. एक चाचणी लगेच करा. झटपट चाचणीचा निकाल ३ महिन्यांनीही निगेटिव्ह आला तर खात्री धरा. औषधं घेतली असतील तर पुढच्या चाचण्यांच्या तारखा केंद्रच ठरवून देईल.

तेलामुळे कंडोम फाटू शकतो. खोबरेल किंवा व्हॅसलिन लॅटेक्सला कमकुवत करतं. पाण्याच्या आधाराची जेली वापरा. पाकिटात, मागच्या खिशात महिनोन्‌महिने ठेवलेला कंडोमही वापरू नका.

घरात गरोदर बाई असेल तर नोंदणीच्या पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिस, दोन्ही चाचण्या झाल्या का ते कार्डावर बघा. सिफिलिस निघाला तर पेनिसिलिन बाळंतपणाच्या किमान ३० दिवस आधी मिळालं पाहिजे. पोटातल्या बाळाला वाचवणारं खात्रीचं औषध तेच आहे, ॲझिथ्रोमायसिनने ते काम होत नाही. ॲलर्जी असली तरी रुग्णालयात दाखल करून, हळूहळू डोस वाढवत पेनिसिलिनच देतात. नवऱ्याचा उपचार त्याच आठवड्यात करून घ्या, आणि बाळ जन्मल्यावर आईचे रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांच्या हातात द्या.