आठ बाय चारच्या शीटवर दोन लेनचा स्लॉट कार ट्रॅक

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकच्या खाचेत खुंटी अडकवून विजेवर धावणारी छोटी गाडी. साधा एमडीएफ, म्हणजे लाकडी तंतू दाबून केलेली फळी, मुंबईच्या पावसाळ्यात फुगतो. ३ मिमीची खाच आवळते आणि गाडी अडकते. म्हणून १२ मिमी जाडीचा एचडीएचएमआर, म्हणजे ओल सोसणारी जास्त दाट फळी, घ्या. अख्खी शीट बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही, दुकानातच चार बाय चार फुटांचे दोन तुकडे करून आणा. ट्रॅक आडवाच ठेवा, पलंगाखाली चालेल. भिंतीला टेकवला तर बाक येतो.

मापं १/३२ गाड्यांची, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढ्या गाड्यांची आहेत. दोन खाचांमध्ये ९ सेंमी, बाहेरच्या खाचेपासून कडेपर्यंत १० सेंमी सोडा. वळणावर गाडीची शेपटी बाहेर सरकते, तिला ही जागा लागतेच. दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळी वळणांच्या त्रिज्या मग ५१ आणि ४२ सेंमी येतात. आतली लेन फेरीमागे सुमारे ५७ सेंमी आखूड पडते, तेव्हा शर्यत लेन बदलून दोन डावांत घ्या.

सगळा कस खाचेत लागतो. आधी दोन्ही तुकडे खालून पट्ट्या व स्क्रू लावून घट्ट जोडा; वेगवेगळे कापले तर सांध्यावर खाच जुळत नाही. ट्रिमरला, म्हणजे लाकडात खाच कोरायच्या हातातल्या यंत्राला, ३ मिमीचं कार्बाइड बिट लावा. वळणासाठी ट्रिमर प्लायच्या पट्टीवर बसवून पट्टीचं दुसरं टोक मध्यबिंदूवर खिळ्याने धरा. सरळ भागाला ॲल्युमिनियमची पट्टी पुरते. पहिल्या हाताला ३ मिमी, दुसऱ्याला एकूण ७ मिमी खोली. एका दमात ७ मिमी उतरलात तर बिट मोडतं. भुसा फार बारीक उडतो, मास्क हवाच.

मॅट रंगाचे दोन हात आधी, गाडीला वीज देणारी तांब्याची ६ मिमी टेप नंतर. खाचेच्या दोन्ही बाजूंना १ मिमी सोडून ती लावा, वळणावरच्या चुण्या चमच्याच्या पाठीने दाबा. सांध्यापाशी प्रत्येक टेपचं टोक भोकातून खाली घेऊन तिथेच वायर सोल्डर करा. टेपवर टेप नुसती चिकटवू नका. गोंदातून वीज भरवशाने जात नाही आणि गाडी नेमकी तिथे अडखळते.

प्रत्येक लेनला १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र डीसी अडॅप्टर द्या. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो. एकच अडॅप्टर दोघांना दिला, तर एक गाडी घसरताच दुसरी अचानक उसळते. कंट्रोलर, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा हातातला खटका, पॉझिटिव्ह वायरमध्ये, आणि त्याआधी ३ अँपिअरचा फ्यूज.

दमट हवेने टेप काळवंडली की पेन्सिलचा खोडरबर फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, पातळ टेप फाटते.