रेड्डी ते रेवस: मोटरसायकलवर कॅमेरा बसवण्याची तयारी

रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग मोटरसायकलवरून पाहायचा आणि जाता जाता चित्रितही करायचा असे ठरले, की बहुतेक जण आधी कोणता कॅमेरा घ्यावा याची चौकशी सुरू करतात. तयारीच्या यादीतली पहिली नोंद मात्र दिशेची असावी, कारण गाडीच्या कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर कॅमेरा लागणार हे त्यावरूनच ठरते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. त्यामुळे दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो आणि त्याच्या व आपल्यामध्ये समोरून येणारी एसटी, टेम्पो, डंपर अशी सारी वाहतूक येत राहते. उत्तरेकडे येताना तोच समुद्र डाव्या हाताला अगदी कडेला येतो आणि मध्ये काहीच उरत नाही. उन्हाचा हिशेबही याच बाजूने पडतो. हिवाळ्यात, म्हणजे कोकणच्या प्रवासाच्या ऐन हंगामात, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात रत्नागिरीच्या आसपास भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर येतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड केलेल्या रुंद कोनाच्या भिंगात तो सहज शिरतो. यासाठी माझे स्पष्ट मत असे, की जाताना मुंबईकरांनी राष्ट्रीय महामार्ग ६६ ने आणि पुणे-कोल्हापूरकडच्यांनी आंबोली घाटाने थेट सावंतवाडी गाठावी, रेड्डीला किनाऱ्याला लागावे आणि चित्रीकरण उत्तरेकडे येताना करावे.

वेळही याच टप्प्यावर ठरवून टाकावी. सकाळी ऊन पूर्वेकडून, डोंगराच्या बाजूने समुद्रावर पडते आणि पाण्याचा रंग खरा दिसतो. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला जातो आणि पाण्याच्या जागी नुसती चकाकी उरते. शिवाय रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई वारा. दिवस तापल्यावर समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि भिंगावर मिठाची पुटे चढू लागतात. आरे-वारेची चढण किंवा दिवेआगर-श्रीवर्धनमधला शेखाडीचा रस्ता, जिथे रस्ता आणि लाटा यांत फारसे अंतर नाही, तिथे आपण सकाळी नऊच्या आत पोहोचू अशा बेताने मुक्काम ठरवावेत.

त्यानंतर गाडीवरच्या जागेचा विचार करावा, आणि तो घाई न करता करावा, कारण चित्रीकरण बिघडण्याचे सर्वात मोठे कारण कंपन हे असते. गाडीवर लावायच्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यांतील संवेदक (सेन्सर) चित्र एका क्षणात टिपत नाही. वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. सिंगल सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ते जवळजवळ ६७ फेरे होतात, आणि ती थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचली की पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचली जाईपर्यंत कॅमेरा किंचित हललेला असतो. मग विजेचे सरळ खांब पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे वळवळताना दिसतात. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण रस्त्याचे धक्के छान सावरते, पण ही बारीक थरथर त्याच्या आवाक्यात येत नाही, आणि नंतर संगणकावरही ती पुरती काढता येत नाही. म्हणून थरथर जिथे कमी, तीच जागा निवडावी.

जागा शोधण्यासाठी यंत्र लागत नाही. गाडी मेन स्टँडवर उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करावे, नेहमीच्या वेगाला ते ज्या फेऱ्यांवर असते तिथवर थोडा वेळ न्यावे आणि तेवढ्यात हँडलची टोके, हँडलचा मधला भाग, आरशाची दांडी, टाकीच्या बाजूचा रॅक, क्रॅश गार्ड अशा प्रत्येक ठिकाणी बोटांची टोके हलकी टेकवून पाहावीत. काही ठिकाणी बोटांना मुंग्या आल्यासारखे वाटते. त्या जागा यादीतून काढाव्यात. आरशाची दांडी बहुधा पहिली बाद होते. पुढच्या फोर्कचा खालचा भाग आणि मडगार्ड यांचा तर विचारच करू नये, कारण स्प्रिंगच्या खाली असल्याने तिथे प्रत्येक खड्डा जसाच्या तसा पोहोचतो. क्रॅश गार्ड चौकटीला जोडलेला असतो, तिथून चाक आणि रस्ता यांचे दृश्य सुंदर मिळते. पण चिरेखाणीच्या डंपरमागे लाल धुळीत आणि मासळीच्या टेम्पोमागे ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्यात सर्वात आधी भिजते तेही तेच ठिकाण. हँडलवरचा कॅमेरा हँडलबरोबर वळतो, त्यामुळे घाटात दृश्य सतत डावी-उजवीकडे फिरत राहते. सर्व बाजूंनी पाहता टाकीजवळचा, चौकटीला पक्का जोडलेला रॅक किंवा हँडलच्या मधोमध असलेला जाड भाग या दोन जागा मला सर्वांत भरवशाच्या वाटतात.

जागा ठरली की क्लॅम्प आणावा. बहुतेक हँडलांचा पाइप २२ मिमी व्यासाचा असतो आणि मधे जाड असलेल्या हँडलांचा २८.६ मिमीच्या आसपास. दुकानात जाण्यापूर्वी व्हर्नियरने (व्यास मोजायच्या बारीक मापपट्टीने) मोजून घ्यावे, म्हणजे ‘सगळ्यांना बसतो’ असे सांगून गळ्यात मारलेला क्लॅम्प परत करण्याची वेळ येत नाही. क्लॅम्प धातूचा असावा आणि त्याच्या व पाइपच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळावी. पट्टीचे दोन्ही काठ एकमेकांवर न चढवता नुसते भिडवावेत, कारण एका बाजूला जाड थर आला की क्लॅम्प तिरका बसतो आणि शंभर किलोमीटरनंतर हळूहळू फिरू लागतो. स्क्रू आवळताना एकच बाजू शेवटपर्यंत न पिळता आळीपाळीने थोडे थोडे आवळावे. रबर काठातून किंचित फुगून बाहेर आले की थांबावे. मग कॅमेरा हाताने धरून जोर लावावा. संपूर्ण हँडल हलले पाहिजे, कॅमेरा एकटा हलता कामा नये. क्लॅम्प आणि कॅमेरा यांच्यामधली दांडी शक्य तितकी आखूड घ्यावी आणि सांधेही कमीत कमी ठेवावेत, कारण प्रत्येक सांध्यावर थरथर वाढते.

टाकीवर किंवा बाजूच्या पेटीवर चिकटपट्टीचा माउंट लावायचा असेल तर ते काम निघण्याच्या आदल्या रात्री करू नये. अशा दुहेरी फोम टेपची पकड साध्या तापमानाला २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि पुरती ७२ तासांत येते. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, वॅक्स किंवा पॉलिशचा अंशही राहू देऊ नये, आणि खडबडीत मॅट प्लॅस्टिकवर ही टेप लावूच नये.

कोणताही माउंट असो, त्याच्याखेरीज एक स्वतंत्र सुरक्षादोरी हवीच. पातळ, मजबूत नायलॉनची दोरी कॅमेऱ्याच्या पिंजऱ्यातून ओवून गाडीच्या चौकटीला बांधावी; ती माउंटलाच बांधली तर माउंट निखळल्यावर दोन्ही सोबत जातात. तिची लांबी इतकीच असावी, की कॅमेरा लोंबला तरी पुढच्या चाकापर्यंत, साखळीपर्यंत किंवा ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोहोचणार नाही. हे सगळे बसवून झाले की हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवून पाहावे: क्लचची केबल कुठे अडत नाही ना, ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, कॅमेरा टाकीला घासत नाही ना आणि मीटर झाकला जात नाही ना, हे डोळ्यांनी आणि हातांनी तपासावे. मागे कॅमेरा लावणाऱ्यांनी नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर मोकळे आहेत याची खात्री करावी. बाजूला दांडी काढून कॅमेरा बाहेर नेण्याचा मोह कोकणात तरी आवरावा. नारळी-पोफळीच्या आगरांतून जाणारे रस्ते दोन्हीकडच्या जांभ्याच्या गडग्यांमुळे (दगडी कुंपणांमुळे) इतके अरुंद आहेत, की समोरून एसटी आली की गाडी गडग्याला खेटवावी लागते; हँडलच्या टोकाच्या पलीकडे गेलेली कोणतीही वस्तू तिथे आधी दगडावर आणि मग आपल्या तोलावर परिणाम करते.

हेल्मेटवर कॅमेरा लावायचाच असेल तर तो हनुवटीच्या भागावर पट्ट्याने बांधावा. डोक्यावर उंच लावलेला कॅमेरा आपण पडल्यावर मानेला हिसका देऊ शकतो. हेल्मेटच्या कवचाला भोक पाडू नये. आयएस ४१५१ या मानकाची खूण असलेले हेल्मेट जसे तयार झाले तसेच राहिले तरच त्या खुणेला अर्थ आहे.

मोबाइल फोन हा कॅमेऱ्याचा पर्याय मानून हँडलवर लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ॲपल कंपनीने २०२१ साली जाहीर केले, की मोटरसायकलच्या ताकदवान इंजिनाची थरथर फोनमधील प्रकाशीय स्थिरीकरण आणि फोकसची यंत्रणा बिघडवू शकते. रस्ता पाहण्यासाठी फोन लागत असेल तर कंपन शोषणारा माउंट घ्यावा, आणि चित्रीकरणाचे काम वेगळ्या, छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यावरच सोपवावे.

वीज आणि मेमरी कार्ड यांचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी भरतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात तीन तासही मावत नाहीत. व्ही३० खुणेची, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहू शकणारी, दोन कार्डे घ्यावीत, ती कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावीत आणि तारीख-वेळ तपासावी. गाडीच्या बॅटरीवरून चार्जिंग घ्यायचे असेल तर वायरमध्ये फ्यूज असावा आणि चावी बंद केल्यावर वीज बंद होईल अशी रिलेची जोडणी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. मात्र चार्जिंगसाठी कॅमेऱ्याचे दार उघडे राहिले की तो जलरोधक राहत नाही. केबल जाऊ देणारे रबरी दार मिळत असेल तर तेच वापरावे, नाहीतर चार्ज केलेल्या बॅटऱ्या बदलत राहाव्यात, आणि पाऊस किंवा तुषार दिसले की बॅटऱ्या बदलण्याचाच मार्ग पत्करावा.

कॅमेऱ्यातील सेटिंग घरूनच निश्चित करावे, कारण चालत्या गाडीवर कॅमेऱ्याच्या बटणाकडे हात जाणे ही या सगळ्या खटाटोपातील सर्वात धोक्याची गोष्ट आहे. सुरू करणे आणि बंद करणे गाडी उभी असतानाच करावे. आगरांच्या सावलीतून अचानक उघड्या सड्यावर (खडकाळ पठारावर) आल्यावर आकाश पांढरे पडू नये म्हणून प्रकाशाची पातळी (एक्स्पोजर) अर्ध्या पायरीने खाली ठेवावी. शटरचा वेग फार संथ ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. थरथरत्या गाडीवर तो पाळल्यास स्थिर केलेले चित्रही धूसर दिसते, म्हणून सेकंदाच्या १/१२० पेक्षा संथ जाऊ नये. पाण्याची चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर समुद्रासाठी मोहक वाटतो, पण रुंद कोनाच्या भिंगात त्यामुळे आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचा फिका होतो आणि प्रत्येक वळणावर तो पट्टा सरकतो. तो घरीच ठेवावा.

खाऱ्या हवेची तयारी ही वेगळी, आणि किनाऱ्यावर ती टाळता येत नाही. समुद्राच्या काठाने तासभर चालल्यावर भिंग समोरून पाहिले तर स्वच्छ दिसते. तेच उन्हाकडे तिरके धरले की त्यावर मळकट साय आणि वाळलेल्या थेंबांची बारीक वर्तुळे दिसतात. ही साय म्हणजे मीठ, आणि तिच्यात सड्यावरची लाल धूळ मिसळलेली असते. कोरड्या फडक्याने ती पुसली तर काचेवर ओरखडे उठतात. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी, मग गोड्या पाण्याचे दोन थेंब टाकून मीठ विरघळू द्यावे, फडके नुसते टेकवून पाणी टिपावे आणि शेवटी स्वच्छ मायक्रोफायबरने एकाच दिशेने पुसावे. म्हणून गोड्या पाण्याची छोटी बाटली टँक बॅगेत हाताशी ठेवावी. ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पला साध्या लोखंडी स्क्रूऐवजी एसएस ३१६ चे (न गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू बसवावेत आणि आट्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा, नाहीतर दोन निराळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना धरून बसतात आणि आठवडाभरात स्क्रू फिरेनासा होतो. मुक्कामावर रोज संध्याकाळी क्लॅम्प ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. रात्री एसीच्या खोलीत ठेवलेला कॅमेरा सकाळच्या दमट हवेत एकदम बाहेर काढू नये; बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा, म्हणजे दव पिशवीवर धरते, भिंगावर नाही. पिशवीत सिलिका जेल ठेवावे. त्याचे निळे दाणे गुलाबी झाले की ओल शोषण्याची त्यांची ताकद संपली असे समजून ते बदलावेत.

या मार्गावर खाड्या ओलांडण्यासाठी फेरीबोटी आहेत: जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेश्वी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा, उत्तरेकडे येताना याच क्रमाने. बोटीवर चढताना पोलादी फळीचा ठोका बसतो, म्हणून रांगेत उभे असतानाच क्लॅम्प आणि दोरी हाताने चाचपावी. रांगेत कॅमेरा बंद ठेवावा, कारण वारा थांबल्यावर उन्हात तो लवकर तापतो आणि आपोआप बंद पडतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून बोटीवर उभी करावी. जयगडचे बंदर किंवा अंजनवेलजवळचा वीजप्रकल्प अशा ठिकाणी चित्रीकरणास मनाई असल्याचे फलक दिसले की कॅमेरा झाकावा, आणि जेट्टीवर मासळी निवडणाऱ्या बायामाणसांकडे कॅमेरा वळवण्याआधी त्यांना विचारावे.

हे सर्व झाल्यावर निघण्याच्या निदान चार दिवस आधी जवळच्या खडबडीत रस्त्यावर, सामानासह, चाळीस-पन्नास किलोमीटरची चाचणी करावी आणि चित्रण मोबाइलवर न पाहता मोठ्या पडद्यावर पाहावे, कारण छोट्या पडद्यावर थरथर लपते. विजेचे खांब आणि घरांच्या कडा सरळ आहेत का, क्षितिज पहिल्या आणि शेवटच्या मिनिटाला एकाच जागी आहे का, आणि वाऱ्याच्या घोंघावण्यात आवाज बुडतो का, ते तपासावे. क्षितिज सरकले असेल तर क्लॅम्प फिरला आहे आणि ट्यूबची पट्टी नव्याने बसवायला हवी. खांब वळवळत असतील तर जागा बदलावी. वारा घोंघावत असेल तर माइकला केसाळ आवरण लावावे. जागा बदलून चिकटपट्टीचा माउंट पुन्हा लावावा लागला, तरी त्याची पकड पुरती येण्याइतके ७२ तास तेव्हा हाताशी असतात.