अर्धांगवायूनंतरचं चालणं: तपासताना आणि शिकवताना या चुका टाळा

पाय अडकतो म्हणून पाऊल उचलायचा व्यायाम, गुडघा मागे जातो म्हणून मांडीला ताकद. अर्धांगवायूच्या पेशंटचं चालणं सुधारताना सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो या घाईमुळे. एकाच प्रकारच्या लंगडण्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. नव्याने न्यूरो फिजिओथेरपीत (मेंदू आणि नसांच्या आजारांच्या फिजिओथेरपीत) आलेल्यांसाठी आणि घरी पेशंटला चालवणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

गुडघा मागे जातो, की सरळ मांडीचा व्यायाम

कमजोर पायावर भार आला की गुडघा झटक्याने मागे ढकलला जातो. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असेल तर पेशंट पडू नये म्हणून स्वतःच गुडघा 'लॉक' करतो. पण पोटरी ताठर असेल तरीही अगदी असंच दिसतं: टाच टेकल्यावर नडगी पुढे सरकू शकत नाही, मग गुडघा मागे जातो. तिसरं कारण म्हणजे सांध्याची जाणीव गेलेली असते. गुडघा कुठे आहे हे पेशंटला कळतच नाही.

म्हणून आधी पेशंटला पाठीवर झोपवा. गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूहळू नडगीकडे वळवा, मग गुडघा वाकवून तेच करा. सरळ असताना अडतं आणि वाकवल्यावर मोकळं होतं, तर पोटरीचा वरचा स्नायू आखडलाय. आता तीच हालचाल वेगाने करा. हळू केल्यावर पूर्ण होते पण वेगाने केल्यावर मध्येच अडकते, तर स्नायू आखूड नाही, ताठरपणा आहे. मग डोळे मिटायला सांगून गुडघा आणि अंगठा थोडा वर-खाली करा आणि "काका, आता कुठे नेला?" असं विचारा.

एक सोपी युक्ती: चपलेत टाचेखाली एक-दीड सेंटीमीटरची पट्टी घालून चालवून बघा. गुडघा लगेच सुधारला, तर दोष पोटरीकडे जातो. अशा पेशंटला मांडीचे कितीही व्यायाम दिले तरी गुडघा मागेच जाईल. त्याला स्ट्रेचिंग, घोटा योग्य कोनात धरून ठेवणारा स्प्लिंट आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून ताठर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन लागेल. मांडीच कमजोर असेल तर खुर्चीतून उठणं-बसणं आणि पायरीवर चढणं यांचा भरपूर सराव हवा. जाणीव गेली असेल तर आरशासमोर गुडघा किंचित वाकवून भार घेणं शिकवा.

पाय फेकत चालतो म्हणजे 'फूट ड्रॉप'च, असं धरणं

पाय बाहेरून गोल फिरवत पुढे आणणारा पेशंट दिसला की 'फूट ड्रॉप' (पाऊल वर उचलता न येणं) समजून स्प्लिंट लिहून दिला जातो. पाय पुढे आणताना गुडघा साधारण 60 अंश वाकायला लागतो. तो वाकतच नसेल तर पाऊल कितीही वर धरलं तरी पाय जमिनीला अडणारच, म्हणून पेशंट तो बाहेरून फिरवणार. स्प्लिंट बांधून पुन्हा चालवा. तरीही पाय गोल फिरत असेल तर गुडघा आणि खुबा तपासा.

आणि स्प्लिंट दिलात तर तो घरात कसा घालणार, हे विचारा. आपल्याकडे घरात चप्पल चालत नाही, स्वयंपाकघरात आणि देवघरात तर नाहीच. मग नुसता स्प्लिंट घालून फरशीवर चालणं होतं आणि प्लास्टिकचा तळ सर्रकन घसरतो. घरात वापरायला मागून पट्टा असलेले वेगळे सँडल घ्यायला सांगा. आजींना पटत नसेल तर सुनेला आणि मुलाला समोर बसवून बोला. या एका बोलण्यामुळे पडणं टळू शकतं, म्हणून ते टाळू नका.

न मोजता 'बरं चाललंय' म्हणणं

दहा मीटरची पट्टी आखा. आधी आणि नंतर दोन-दोन मीटर मोकळी ठेवा आणि फक्त मधल्या दहा मीटरचा वेळ घ्या. 25 सेकंद लागले तर वेग सेकंदाला 0.4 मीटर. यापेक्षा हळू चालणारा पेशंट बहुधा घरातच फिरू शकतो. 0.8 च्या पुढे गेला की बाहेरची कामं जमायला लागतात. दर पंधरा दिवसांनी हे मोजा आणि आकडा पेशंटला दाखवा.

महिनोन्‌महिने उभं करून वजन पेलायला लावणं

सहा महिने उलटून गेलेल्या, चालू शकणाऱ्या पेशंटचा वेग आणि अंतर वाढवायचं असेल तर चालायलाच लावायला हवं, तेही धाप लागेल इतकं. अमेरिकेतल्या न्यूरो फिजिओथेरपिस्टच्या संघटनेची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. नुसतं उभं राहून भार इकडून तिकडे करणं किंवा रोबोटवर चालवणं, याने या दोन गोष्टी वाढतील अशी अपेक्षा धरू नये, असंही त्यांत आहे. महागड्या मशीनसाठी कर्ज काढायला निघालेल्या घरच्यांना हे जरूर सांगा. हृदय आणि बीपी तपासून डॉक्टरांची परवानगी मात्र आधी घ्या. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं बीपीचं किंवा हृदयाचं औषध) चालू असेल तर नाडी फसवते, तेव्हा धापेवरून अंदाज घ्या. अर्धांगवायूचा झटका आल्यावर पहिल्या 24 तासांत मात्र जोर करू नका. तेव्हाच्या अति चालवण्याने उलट तोटा होतो, असं 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

घरच्यांकडून होणाऱ्या चुका

कमजोर हाताला धरून ओढू नका, खांदा निखळायला लागतो. कमजोर बाजूला, किंचित मागे उभं राहा आणि कमरेचा पट्टा धरा. काठी चांगल्या हातात द्या. उभं राहून हात खाली सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तेवढीच तिची उंची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

अंधारात किंवा बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना तोल जात असेल, तर त्याचा दोष अर्धांगवायूवर टाकून मोकळे होऊ नका. व्हिटॅमिन बी-12 कमी असल्यानेही असं होतं, म्हणून ते तपासून घ्या, शाकाहारी पेशंटचं तर नक्कीच.

चालणं अचानक बिघडलं तर व्यायाम वाढवू नका. लघवीचा संसर्ग, नवं औषध किंवा दुसरा झटका, यांतलं काहीही असू शकतं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा ताकद एकदम गेली तर तडक हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून पेशंट शेवटचा नेहमीसारखा कधी दिसला ती वेळ लिहून न्या.