ट्रॅक्टरवरचा श्रेडर कसा वापरावा, कसा सांभाळावा

द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये आटोपली की बांधावर काड्यांचे ढीग लागतात आणि बरेचदा पेटवले जातात. हाच माल बारीक करून झाडाखाली अंथरला तर ओल टिकते, तणही कमी उगवते. ट्रॅक्टर घरचा असेल तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, हाताने काड्या टाकायचा श्रेडर, म्हणजे काड्या बारीक करणारे यंत्र, घेणे शहाणपणाचे आहे, पण तो नीट सांभाळणार असाल तरच.

घेताना आधी ताकद जुळवा. 45 एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर साधारण 38 एचपीच मिळते, म्हणून यंत्राची गरज त्याच्याशी ताडून पाहा. जादा पाती गावाजवळ मिळतात का, हेही पैसे देण्याआधीच विचारा.

यंत्र जोडल्यावर लिफ्ट वर-खाली करून पीटीओ आणि यंत्र जोडणारा शाफ्ट पाहा. सर्वात आखूड स्थितीत त्याचे पाइप टोकाला टेकता कामा नयेत, आणि चालताना आतला-बाहेरचा पाइप किमान एक तृतीयांश एकमेकांत हवा. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर काढून कधीही चालवू नका.

इंजिन कमी आरपीएमवर ठेवून पीटीओ टाका, मग पीटीओचा वेग हळूहळू 540 आरपीएमपर्यंत न्या. काडी बुंध्याकडून आत द्या, बाजूला उभे राहा आणि शेवटचा तुकडा हाताने नव्हे, दुसऱ्या काडीने ढकला. उपरणे, पदर, सैल बाही, कडे यांतले काहीही अंगावर नको. ढिगातली तार आणि सुतळी आधी वेचून काढा. माती लागलेल्या मुळ्याही टाकू नका, त्यांनी धार लगेच जाते.

खरे काम पात्यांचे. चिप्स स्वच्छ कापलेल्या निघत असतील तर ठीक. सालीचे दोरे लोंबायला लागले, काडी आपोआप आत ओढली जाईना आणि इंजिन दबू लागले, की पाती बोथट झाली समजा. अशा वेळी जोर लावून काम रेटले तर बेअरिंग आणि बेल्ट दोन्हींवर ताण येतो.

पाती काढण्याआधी ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात घाला, शाफ्ट पीटीओवरून काढा. पात्यांचे जड चाक यंत्र बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते. ते पूर्ण थांबल्यावर लाकडी पाचर मारून अडवा. सगळी पाती एकाच वेळी, मूळच्याच कोनात घासा. ग्राइंडरवर घाई नको: पाते निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, गेला. घासून झाल्यावर काट्यावर तोला. वजनात फरक राहिला तर यंत्र थरथरते. बसवताना फिरते आणि स्थिर पाते यांतली फट मॅन्युअलप्रमाणे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ठेवा आणि चाक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा.

शाफ्टच्या जोडांना साधारण 8 तासांनी ग्रीस द्या. शिअर बोल्ट (जादा ताण आला की आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच ग्रेडचा घाला. कडक बोल्ट घातला तर बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स फुटतो.

चिप्स खोडापासून वीतभर लांब पसरा. मातीत मिसळू नका, कुजताना त्या नत्र ओढून घेतात. आणि डाळिंबावर तेल्या रोग असेल तर त्या फांद्या श्रेडरमध्ये घालूच नका. त्या बागेबाहेर नेऊन जाळणेच योग्य.