मोठ्या मापाच्या डिझेल इंजिनात साउंड डीकोडर कसा बसवावा

साउंड डीकोडर म्हणजे रुळांतून आलेले डिजिटल आदेश वाचून मॉडेल इंजिनाची मोटर, दिवे आणि आवाज चालवणारा छोटा बोर्ड. तो जळायचा असेल तर सहसा पहिल्याच मिनिटात जळतो. कारणही ठरलेलं: मोटरचं एक टोक कुठेतरी सांगाड्याला किंवा चाकाला टेकलेलं असतं. आणि सगळं नीट जोडूनही आवाज पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आला, तर दोष डीकोडरचा नसून स्पीकरच्या खोक्याचा असतो. या दोन जागा सांभाळल्या की उरलेलं काम म्हणजे आठ-दहा तारांना डाग देणं.

आपल्याकडे मॉडेल रेल्वे म्हटली की बहुतेकांना पुण्यात कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आठवतं. तिथल्या गाड्या एचओ, म्हणजे १:८७ मापाच्या. इथे विषय आहे त्याच्या दुप्पट मापाचा, ओ गेजचा. रुळांतलं अंतर ३२ मिलिमीटर, प्रमाण ब्रिटनमध्ये १:४३.५, अमेरिकेत १:४८. त्याहून मोठं जी स्केल, ४५ मिलिमीटर रुळांचं. तिथेही पद्धत हीच, फक्त व्होल्टेज आणि करंट वाढतो. उदाहरणाला ब्रिटिश रेल्वेचं क्लास ३७ घेतो. १९६० ते १९६५ या काळात अशी ३०९ इंजिनं बनली. इंग्लिश इलेक्ट्रिकचं बारा सिलिंडरचं, १७५० अश्वशक्तीचं इंजिन, आणि त्याच्या घरघरीमुळे तिकडच्या शौकिनांनी ठेवलेलं नाव ‘ट्रॅक्टर’. ओ गेजमध्ये हे मॉडेल साधारण ४३ सेंटिमीटर लांब भरतं. म्हणजे आत चांगला स्पीकर मावतो, आणि मोठ्या मापात आवाजाची हौस करण्यात खरी मजा आहे ती यामुळेच.

आधी मोटर किती करंट खाते ते मोजा

एचओचा साउंड डीकोडर लहान आणि स्वस्त असतो, म्हणून तोच घालायचा मोह होतो. ईएसयू कंपनीचा साधा लोकसाउंड ५ डीकोडर मोटरला दीड अँपिअर देतो. ओ गेजच्या इंजिनांत अनेकदा प्रत्येक बोगीला (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गाडा) एक अशा दोन मोटरी असतात आणि त्या समांतर जोडलेल्या असतात, म्हणजे दोघींचा करंट एकत्र धरायचा. अशा इंजिनाला लोकसाउंड ५ एल किंवा झिमो कंपनीचा मोठ्या मापाचा डीकोडर लागतो. एल प्रकार तीन अँपिअरपर्यंत जातो, एक्सएल त्याच्याही पुढे.

मोजायची रीत अशी. १२ व्होल्टचा, निदान पाच अँपिअर देऊ शकणारा डीसी सप्लाय घ्या. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर मोटरच्या वाटेत, म्हणजे सिरीजमध्ये लावा. मोटर फिरू लागली की फ्लायव्हील, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं जड चाक, बोटांनी धरून ती पूर्ण थांबवा, आकडा वाचा, लगेच सोडा. एक-दोन सेकंदांच्या वर धरू नका, मोटर तापते. मोजून झालं की लाल पिन आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. ती तिथेच राहिली आणि पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटर सरळ शॉर्ट करेल.

समजा प्रत्येक मोटर अडवल्यावर एक अँपिअर खाते. दोन मोटरी, दोन अँपिअर. पण हा आकडा १२ व्होल्टचा झाला. रुळांवर डीसीसीचे (डीसीसी म्हणजे रुळांतूनच वीज आणि डिजिटल आदेश पाठवण्याची पद्धत) १६ व्होल्ट असतील तर त्याच प्रमाणात तो पावणेतीनच्या आसपास जाईल. एल प्रकार इथे चालतो. दीड अँपिअरचा डीकोडर साध्या रुळावर चालेलही, पण चढावर गाडी अडली की त्याचा जीव जाईल.

कवच उघडा, जुना बोर्ड काढा

इंजिन उलटं ठेवायला फोमचा पाळणा करा, नाहीतर छतावरचे बारीक भाग मोडतात. कवचाचे स्क्रू सहसा खालून, बोगीच्या आजूबाजूला असतात. ते डब्यांच्या कपलिंगच्या स्क्रूंमध्ये मिसळू नयेत म्हणून वेगळ्या वाटीत काढा. आत शिरण्याआधी मोबाइलने चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. कुठली तार कुठून आली हे दोन तासांनी कोणालाच आठवत नाही.

मोठ्या मापात कारखान्याचा बोर्ड मुळातून काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर दिव्यांचे डायोड, रेझिस्टर, कॅपॅसिटर असं बरंच काही असतं आणि ते डीकोडरच्या मध्ये येतं. मोटरच्या टोकांवर टीव्ही-रेडिओतली खरखर टाळायला लावलेले कॅपॅसिटरही काढा, विशेषतः एक पाय सांगाड्याला गेलेले. डीकोडर मोटरचा उलटा व्होल्टेज (फिरताना मोटर स्वतः तयार करते तो) मोजून वेग ठरवतो, आणि हे कॅपॅसिटर त्या मोजमापात घोळ घालतात.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी

मोटरच्या दोन्ही तारा मोकळ्या करा. मल्टिमीटर बीपवर लावा. आता मोटरच्या प्रत्येक टोकावरून एकेक करून डावी चाकं, उजवी चाकं आणि धातूचा सांगाडा तपासा. कुठेही बीप वाजता कामा नये. वाजलीच तर मोटर कुठल्या स्क्रूने किंवा पत्र्याने टेकते आहे ते शोधून तिथे फायबरचा वायसर किंवा कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी पट्टी) लावा. बीप बंद झाल्याशिवाय डीकोडर डब्यातून बाहेरसुद्धा काढू नका. जुन्या आणि किटमधून जोडलेल्या इंजिनांत हा दोष हमखास सापडतो, कारण साध्या डीसीवर तो कधी जाणवतच नाही.

दुसरी तपासणी दिशेची. मोटरींना नऊ व्होल्टची बॅटरी लावून बघा. दोन्ही बोगींची चाकं एकाच दिशेला फिरली पाहिजेत. मोटरी समोरासमोर तोंड करून बसवल्या असतील तर एकीच्या तारा उलट कराव्या लागतात. हे आत्ताच पाहिलेलं बरं, नाहीतर पुढे दोन बोग्या एकमेकींशी भांडत बसतील आणि तुम्ही सेटिंग बदलत बसाल.

तारांचे रंग

डीसीसीच्या तारांचे रंग ठरलेले आहेत आणि त्यात हुशारी करू नये. लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या. नारिंगी मोटरच्या धन टोकाला, करडी ऋण टोकाला. पांढरी पुढच्या दिव्यांची, पिवळी मागच्यांची, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन तार. हिरवी आणि जांभळी जादा फंक्शनसाठी, म्हणजे केबिनचा दिवा किंवा तत्सम. दोन टोकांना दोन केबिन असलेल्या इंजिनात ‘पुढे’ म्हणजे कुठलं टोक, हे आधी ठरवा. क्लास ३७ मध्ये छतावर रेडिएटरच्या पंख्याची जाळी असलेलं टोक एक नंबरचं.

एलईडी असतील तर प्रत्येकाच्या वाटेत रेझिस्टर हवाच. ओ गेजच्या १६ व्होल्टला १ किलोओहम बरा पडतो; पांढऱ्या एलईडीला त्यातून साधारण १३ मिलिअँपिअर मिळतात. माझ्या डोळ्यांना तेही जास्त वाटतात. १९६० च्या दशकातल्या इंजिनाचे दिवे मिणमिणते होते, म्हणून मी दोन ते चार किलोओहम लावतो. जी स्केलच्या वीसच्या वरच्या व्होल्टेजला तर तसंही मोठं मूल्य लागतं. रेझिस्टर, हीट-श्रिंक स्लीव्ह, बारीक लवचीक तार हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळ भावात मिळतं. डीकोडरबरोबर परदेशातून मागवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह चढवा, चिकटपट्टी नको. ती उष्णतेने सुटते. डीकोडर मात्र कशात गुंडाळू नका. त्याला हवा लागते. फोमच्या डबल टेपच्या दोन तुकड्यांवर, धातूपासून वर उचललेला बसला की झालं.

स्पीकर आणि त्याचं खोकं

स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा मागे हवा विरळ होते. पुढची आणि मागची लाट मोकळेपणी एकमेकींना भेटली की त्या एकमेकींना मारतात, आणि आधी मरतो तो खर्ज. डिझेल इंजिनाच्या आवाजात मग राहिलं काय? म्हणून स्पीकरची पाठ हवाबंद खोक्यात हवी.

क्लास ३७ मध्ये दोन जागा आहेत. एक, दोन बोगींच्या मधली इंधनाची टाकी. ती आतून पोकळ असेल तर आवाज खाली रुळांकडे जातो आणि बेसबोर्डसुद्धा, म्हणजे रुळांखालची फळी, घुमतो. दुसरी छताखाली, पंख्याच्या जाळीच्या बरोबर खाली, तोंड वर करून. मला दुसरी आवडते. खऱ्या इंजिनाचा आवाजही वरूनच येतो, आणि आपण मॉडेलकडे वरूनच बघत असतो. फक्त जाळी खरोखर आरपार आहे ना, ते पाहा. काही मॉडेलांत ती नुसती कोरलेली असते.

४० ते ५० मिलिमीटरचा स्पीकर बसत असेल तर त्याहून लहान घेऊ नका. खोकं तीन मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचं किंवा प्लायचं करा, जागा देईल तेवढं मोठं. पातळ भिंती स्वतःच थरथरतात. सगळे सांधे आतून सिलिकॉनने भरा, तार बाहेर येते ते भोकसुद्धा. खोकं बंद झालं की पडद्यावर बोटाने अगदी हलका दाब द्या. तो गादीसारखा मागे रेटत असेल तर खोकं हवाबंद आहे. भसकन आत गेला तर कुठेतरी फट राहिली आहे.

स्पीकरला डाग देताना लोहचुंबक सोल्डरिंगच्या टोकाला ओढून घेतं आणि पडदा फाटतो. हात टेबलावर टेकवून काम करा. चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस चिकटपट्टीने उचलून काढा.

आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर चार ओहम होतात. लोकसाउंड ५ ला ते चालतं. जुन्या पिढीच्या डीकोडरांची गोष्ट वेगळी, काहींना १०० ओहमच लागायचे, म्हणून माहितीपत्रक बघा. दोन स्पीकर असतील तर त्यांचे पडदे एकाच वेळी एकाच दिशेला हलले पाहिजेत. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पडदा बाहेर येतो की आत जातो ते बघून धन टोकावर खूण करा. स्पीकरच्या दोन्ही तारा डीकोडरलाच जातात, त्यातली एकही सांगाड्याला लावायची नाही.

पहिली चाचणी

कवच अजून चढवू नका. इंजिन थेट मुख्य रुळावरही ठेवू नका; आधी प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे डीकोडरची सेटिंग वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर ठेवा. तिथे करंट मर्यादित असतो, चूक असली तरी डीकोडर बहुधा वाचतो. सीव्ही ८ वाचा (सीव्ही म्हणजे डीकोडरमधलं नंबर दिलेलं एकेक सेटिंग; आठव्यात बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो). ईएसयूचा डीकोडर १५१ सांगेल, झिमोचा १४५. आकडा आला म्हणजे रूळ, डीकोडर आणि मोटर हे वर्तुळ पूर्ण आहे, कारण डीकोडर उत्तर देतो ते मोटरला हलका झटका देऊन. मोठे कॅपॅसिटर जोडलेले असतील तर वाचन अडखळतं. ते तात्पुरते काढून पुन्हा बघा.

मग पत्ता, म्हणजे ज्या नंबरावर इंजिन आदेश ऐकतं तो. कारखान्यातून तो ३ असतो. लांब पत्त्याची मर्यादा १०२३९ आहे, त्यामुळे इंजिनाचा ३७ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर बसत नाही. शेवटचे चार आकडे घेतात. जुन्या नंबरांचं मॉडेल असेल तर प्रश्नच नाही, मालिकेतल्या पहिल्या डी ६७०० चा पत्ता सरळ ६७००.

आवाजाची फाइल इंजिनाला साजेशी असावी. क्लास ३७ चा थ्रॉटल सलग चढतो, अमेरिकन इंजिनांसारख्या आठ नॉचच्या पायऱ्या त्याला नाहीत; चुकीची फाइल घातली तर जाणकाराला पहिल्या सेकंदात कळतं. कोणी ओ गेजमध्ये आपल्या भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन करत असेल तर त्याने अल्को २५१ इंजिनाचा आवाज शोधावा. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधल्या त्या २६०० अश्वशक्तीच्या इंजिनांत तेच सोळा सिलिंडरचं यंत्र होतं. भोंगा मात्र अमेरिकन येईल, तो बदलावा लागतो.

चाल आणि आवाज जुळवणं

लोकसाउंडमध्ये मोटर आपोआप जुळवून घेण्याची सोय आहे. सरळ, लांब, मोकळ्या रुळावर इंजिन ठेवा, मुख्य रुळावरच सीव्ही ५४ मध्ये ० लिहा आणि कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबा. इंजिन क्षणभर पूर्ण वेगाने पळेल आणि थांबेल. पुढे दोनेक मीटर रूळ हवेत. एवढ्याने कमी वेगातले धक्के बरेच जातात.

सीव्ही ३ आणि ४, म्हणजे वेग घेण्याचा आणि सोडण्याचा काळ, शून्य करून टाकण्याची सवय अनेकांना असते. साउंड इंजिनात ते करू नका. नॉब फिरवला की आधी डिझेल चढलं पाहिजे, गाडी नंतर हलली पाहिजे. शंभर टनांच्या वर वजनाचं इंजिन दुसरं काय करणार? फाइलबरोबर आलेले आकडे ठेवा आणि थोडेच खालीवर करा.

आवाजाची मुख्य पातळी ईएसयूमध्ये सीव्ही ६३, कमाल १९२. झिमोमध्ये सीव्ही २६६. मी अर्ध्यापासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा तिथून खालीच येतो. पूर्ण आवाजात लहान स्पीकर फाटतो, आणि एका खोलीत तीन इंजिनं घुमायला लागली की एकही नीट ऐकू येत नाही.

शेवटी कवच. तारा फ्लायव्हीलपासून दूर बांधा, मगच स्क्रू पिळा. इंजिन नुसतं आयडलवर चालू ठेवा. त्या संथ घरघरीतच सैल भाग खडखडतात: खिडकीची काच, कठडे, छताची जाळी. एकेका भागावर बोट ठेवत जा. खडखड जिथे थांबेल तिथे आतून पांढऱ्या फेविकॉलचा एक थेंब लावा आणि रात्रभर वाळू द्या.