डोमेन नसलेल्या ऑफिसात विंडोजची सुरक्षा बेसलाइन कशी लावाल

नागपुरात धरमपेठ, सीताबर्डीतल्या बऱ्याच सीए ऑफिसांत दहा-पंधरा संगणक, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा आणि कोपऱ्यात जुनं कॉपियर असतं. सर्व्हर किंवा डोमेन (सगळे संगणक आणि खाती एका ठिकाणाहून सांभाळायची व्यवस्था) नसतं. अशा ठिकाणीही मायक्रोसॉफ्टचं सिक्युरिटी कम्प्लायन्स टूलकिट वापरता येतं, तेही फुकट. त्यातल्या तीन गोष्टी कामाच्या: तुमच्या विंडोज आवृत्तीची बेसलाइन (मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या सुरक्षा-सेटिंगांचा संच), सेटिंगांची तुलना करणारं पॉलिसी अ‍ॅनालायझर आणि त्या संगणकावर लावणारं एलजीपीओ (LGPO). मात्र विंडोज प्रो हवी. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटरच, म्हणजे या सेटिंगा पाहण्या-बदलण्याचं साधनच, येत नाही.

आधी काहीही बदलू नका. पॉलिसी अ‍ॅनालायझरमध्ये बेसलाइन उघडा आणि संगणकाच्या सध्याच्या स्थितीशी ताडून पाहा. फरक पिवळ्या रंगात दिसतो. तो तक्ता एक्सेलमध्ये काढून ठेवा. पुढे भांडण मिटवायला हाच उपयोगी पडतो. मग एलजीपीओला /बी (/b) देऊन सध्याच्या पॉलिसीचा बॅकअप घ्या. तो परत आयात केला की सगळं पूर्ववत होतं, हा समज मात्र खोटा आहे. बॅकअपमध्ये जी सेटिंग ठरवलेलीच नव्हती, तिला आयात हात लावत नाही आणि बेसलाइनने घातलेली किंमत तशीच राहते. म्हणून डिस्कची इमेजही (पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत) घ्या.

बेसलाइनसोबत ती लावून देणारी पॉवरशेलची (विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या साधनाची) स्थापना-स्क्रिप्ट येते. तिला डोमेनमध्ये नसलेल्या संगणकाचा पर्याय द्या. घाईत डोमेनवाला पर्याय दिला, तर लोकल खात्यांना नेटवर्कवरून येणं बंद होतं आणि टॅलीचं शेअर सगळ्यांना नकार देऊ लागतं. पासवर्ड बरोबर असूनही.

सुरुवात एकाच संगणकावर करा, शक्यतो रिटर्नच्या शेवटच्या तारखा सोडून. रीस्टार्ट करून टॅली उघडा, प्रिंट काढा, स्कॅन फोल्डरमध्ये पाठवा. बहुतेक वेळा स्कॅनच अडतं, कारण जुनी यंत्रं एसएमबी १ वरच (नेटवर्कवर फायली देण्या-घेण्याच्या जुन्या, असुरक्षित पद्धतीवरच) बोलतात आणि बेसलाइन ते बंद करते. ते पुन्हा चालू करू नका. कॉपियरचं फर्मवेअर नवं करा, नाहीतर स्कॅन ईमेलवर घ्या. बिनपासवर्डचं गेस्ट शेअरही चालणार नाही. विंडोज ११ च्या २४एच२ प्रोमध्ये तर ते मुळातच बंद असतं. टॅलीच्या संगणकावर प्रत्येकासाठी वेगळं खातं काढा आणि फोल्डरला त्यांनाच परवानगी द्या.

काय लागू झालं ते जीपीरिझल्ट (gpresult) या आज्ञेला /एच (/h) देऊन काढलेल्या अहवालात पाहा. एडिटरमध्ये दिसतं ते नुसतं मागणं असतं.

बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांत डोमेन असेल, तर हेच काम एका चाचणी-ओयूवर (डोमेनमधल्या संगणकांच्या वेगळ्या गटावर) करा. पॉलिसी साधारण ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतच्या फरकाने ताजी होते. घाई असल्यास जीपीअपडेट (gpupdate) ही आज्ञा चालवा. वीज जाऊन आल्यावर पॉलिसी लागेनाशी झाली, तर आधी घड्याळ पाहा. संगणक आणि डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) यांच्या वेळेत ५ मिनिटांहून जास्त अंतर पडलं की कर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवणारी यंत्रणा, ओळख नाकारतो. मदरबोर्डची संपलेली बॅटरी बदलली की प्रश्न बहुधा तिथेच सुटतो.