गावच्या मंडळीतील सेवक वचन-अभ्यासातून कसे घडवावेत

विदर्भाच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) अनेक ठिकाणी एकाच दीक्षित पाळकाकडे (धर्मगुरूकडे) चार-सहा गावे असतात. महिन्यातून एखादा रविवार तो गावात असतो. उरलेल्या रविवारी उपासना चालवणे, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना करणे आणि मुलांचे संडे स्कूल घेणे ही कामे शेतकरी, मजूर, अंगणवाडी सेविका यांच्यावर येतात; हेच मंडळीचे सेवक. १९५३ साली यवतमाळात सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळक घडवणारी शिक्षणसंस्था १९८३ साली पुण्याला गेली. पण ती यवतमाळातच असती तरी वावर आणि गुरेढोरे सोडून काही वर्षे शिकायला जाणे या माणसांना जमले नसते. त्यांचे शिक्षण गावातच, पवित्र शास्त्र उघडून व्हायला हवे.

सुरुवात माणसे निवडण्यापासून करावी. पाच ते आठ जण पुरेत. छान बोलतो म्हणून कोणाला घेऊ नये. कोणी न सांगता आजाऱ्याच्या घरी कोण जाऊन बसते, ते आधी पाहावे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल विश्वासू आणि इतरांना शिकवू शकतील अशा माणसांवर शिक्षण सोपवायला सांगतो, आणि त्यात विश्वासूपण आधी येते. बायकांना केवळ चहापाण्यापुरते बोलावण्याची आपली सवय सोडावी. इफिस शहरात अपुल्लोससारख्या विद्वान वक्त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने घरी नेऊन अधिक नीट समजावून सांगितले होते.

वेळापत्रक शेतीप्रमाणे आखावे. मृगापासून पेरणी, डवरणी, निंदण, पुढे सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी, यांत कोणी नियमित येणार नाही आणि न आल्याचा दोषही देऊ नये. होळीनंतर मेअखेरपर्यंत आठवड्यातून एक दिवस, ऊन उतरल्यावर रात्री आठ वाजता, दीड तास बसावे. खरिपात महिन्यातून एकदा भेटले तरी चालेल. दीड तासाची मर्यादा मात्र पाळावी. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले तेव्हा खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला होता, आणि दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाची झोप युतुखापेक्षा हलकी नसते.

अभ्यासाला मार्काचे शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेली येशूची हकीकत, घ्यावे. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे आहे. एका बैठकीत एकच उतारा घ्यावा आणि तो दोनदा मोठ्याने वाचावा. मग पुस्तक मिटून एकाने तो आपल्या शब्दांत सांगावा व राहिलेले इतरांनी भरून काढावे. ज्याला वाचता येत नाही, तो येथे बहुधा सर्वांच्या पुढे असतो. त्यानंतर तीनच प्रश्न विचारावेत: काय घडले, ऐकणाऱ्यांना तेव्हा त्याचा काय अर्थ लागला असेल, आणि या आठवड्यात आपण काय करायचे.

दुसरा प्रश्न बहुतेक ठिकाणी गाळला जातो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मार्काच्या चौथ्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला (बोधकथा; त्यात बी म्हणजे देवाचे वचन) एकदा वाचून झाला, तेव्हा मागे बसलेले एक काका म्हणाले, "हा पेरणारा असा कसा जी? रस्त्यावर बी टाकते!" सगळे हसले, पण प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडे कपाशी टोबतात (एकेक बी हाताने लावतात) आणि तूर-सोयाबीन तिफणीने किंवा ट्रॅक्टरने ओळीत पेरतात. धुऱ्यावर (बांधावर) बी जाण्याचे कारणच नसते. पॅलेस्टाईनात गहू आणि जव हाताने फेकून पेरत, त्यामुळे काही दाणे पायवाटेवर आणि काही खडकाळ जागी पडणारच. हे कळल्यावर काकांनीच पुढे सांगितले की पेरणारा मुठीला आखडत नाही, आणि आपण मात्र कोणाच्या घरी वचन घेऊन जायचे हे आधीच ठरवून टाकतो. असे उत्तर त्यांच्या तोंडून येईपर्यंत शिकवणाऱ्याने गप्प बसणे, हा या पद्धतीतला सर्वांत अवघड भाग आहे.

चौथ्या आठवड्यापासून बैठक सेवकांनाच चालवू द्यावी. याबाबत मी चूक केली आहे. पहिल्या वर्षी मी वह्या भरभरून टिपणे उतरवून दिली आणि पुढच्या रविवारी एका भावाने ती वही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, माझ्या खोकल्यासाठी सोडलेल्या जागेसह, वाचून दाखवली. आता मी फक्त उतारा आणि तीन प्रश्न देतो. गावभेटीला येशूने बारा शिष्यांना पाठवले तसे दोघा-दोघांना पाठवावे, आणि एसटीचे भाडे मंडळीच्या दानातून द्यावे.

कोणते काम आपले नाही, हेही स्पष्ट शिकवावे. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला त्याचा सासरा इथ्रो याने दिलेला सल्ला, म्हणजे लहान बाबी नेमलेल्यांनी पाहाव्यात आणि अवघड बाबी वर न्याव्यात, येथे नेमका लागू पडतो. घरातील मारहाण, कर्जाने खचून जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करणारा माणूस, हे एकट्याने हाताळू नये. त्याच दिवशी पाळकाला कळवावे आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. प्रार्थना केली म्हणून औषध बंद करा, असे तर कधीही सांगू नये.

उत्तेजन म्हणजे वार्षिक सभेतली शाल नव्हे. महिन्यातून एकदा सेवकाच्या घरी जावे, चूक एकांतात सांगावी आणि कौतुक नेमके करावे: "त्या मावशींना तुम्ही मध्येच तोडले नाही, ते चांगले केले." शिष्य काम करून परतले तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती आणि येशूने त्यांना एकांतात विसावा घ्यायला सांगितले, म्हणून वर्षातला एक महिना प्रत्येकाला सुटी द्यावी, आणि कोणी थकला म्हणाला तर त्याच्या विश्वासाची चौकशी करू नये.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक सेवकाने आपल्यासोबत एक नवा माणूस आणावा. त्या बैठकीत आपण मागच्या ओळीत बसावे, आणि प्रश्न अडला की सर्वांचे डोळे आपल्याकडे वळतील तेव्हा पुस्तकात पाहत राहावे.